लेवीयात अडकलेल्याने पुढे कसं जावं?

विचारणाऱ्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला कळव्यात, नोकरी ऐरोलीत, शिफ्ट फिरती. तीनदा पवित्र शास्त्र (बायबल) पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि तिन्ही वेळा लेवीयात, म्हणजे त्यातल्या तिसऱ्या पुस्तकात, गाडी थांबली. आई म्हणते, प्रार्थना कर आणि कुठलंही पान उघड, देव बोलेल. याला वाटतं, हा काही अभ्यास नव्हे. शेवटी खरी गोष्ट येते: क्लायंटला जाणाऱ्या अहवालातले आकडे मॅनेजर दर महिन्याला 'जरा बरे' करायला सांगतो. यावर बायबल काय म्हणतं, आणि असल्या रोजच्या गोष्टींसाठी ते वाचायचं तरी कसं?

सलाम. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. मी पाळक (पास्टर) नाही, सेमिनरीत गेलेलो नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात वजनकाटे तपासण्यात नोकरी गेली. घरसभेत दर शुक्रवारी वचनाचा अभ्यास घेतो, त्यालाही पंचवीसेक वर्षं होतील. तेव्हा उत्तर काट्यावरच्या माणसाचं आहे, तेवढं धरून चाल.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. आपल्या भाषेत पारायण आणि अभ्यास असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचं तर रोज तीनाहून जास्त अध्याय होतात. हे पारायण झालं. त्याचा फायदा आहे, सगळा मुलूख एकदा नजरेखालून जातो. पण फिरत्या शिफ्टमध्ये दोन दिवस चुकले की सहा-सात अध्याय अंगावर येतात, मग अपराधी वाटतं, आणि मार्चच्या सुमारास पुस्तक कपाटावर जातं. तू तीनदा हरलास असं तुला वाटतंय. मला विचारशील तर तू तीनदा पारायणाला बसलास आणि अपेक्षा मात्र अभ्यासाची ठेवलीस.

आता लेवीय. लोक साधारण यज्ञांच्या पहिल्या सात अध्यायांत थकतात, नाहीतर तेराव्यात त्वचारोगाची लक्षणं सुरू झाली की. (चौदाव्यात घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांचं काय करायचं तेही आहे. याजक येऊन बघतो आणि घर सात दिवस बंद करतो. सिडकोच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर जुलै काढलेल्या माणसाला तो अध्याय परका वाटू नये.) तू सरळ १९ वा अध्याय उघड. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे आपण प्रभू येशूच्या तोंडून ऐकतो. पण ते मूळ या अध्यायातलं, १८ वं वचन. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, बाराव्या अध्यायात प्रभूने तीच आज्ञा उचलून दुसऱ्या क्रमांकावर ठेवली.

ती आज्ञा कुठे बसली आहे ते बघ. ९ आणि १० मध्ये शेताच्या कडेचं पीक कापू नका, द्राक्षमळ्यात गळालेली फळं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. १३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. १४ मध्ये बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. मग १८ मध्ये प्रीती. आणि ३५-३६ मध्ये माप आणि वजन खरं ठेवा. म्हणजे 'प्रीती' हा आपण लग्नपत्रिकेवर छापतो तो शब्द इथे पगार आणि तराजू यांच्या मधोमध आहे. तिथून तो उचलून भिंतीवर टांगला की त्याचं वजन निम्मं होतं.

३६ व्या वचनाने माझी झोप घालवली होती, म्हणून जरा थांबतो. त्या काळी वजनं दगडाची असत आणि व्यापारी ती थैलीत घेऊन हिंडत. हिब्रूत तिथे वजनाला शब्दच 'दगड' असा आहे: खरे दगड ठेवा. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या (बायबलमधलं पाचवं) २५ व्या अध्यायात तर सरळ म्हटलंय की तुझ्या थैलीत एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड असू नयेत. म्हणजे घेताना एक, देताना दुसरा. आमच्या कारखान्यात भंगार मोजायचा एक काटा होता. तपासणीत तो ५० किलोच्या प्रमाण वजनाला ४०० ग्रॅम कमी दाखवायला लागला. तोटा होता कंपनीचा, म्हणून तासाभरात दुरुस्त झाला. काही महिन्यांनी कच्चा माल घेण्याच्या काट्याची तीच तऱ्हा झाली, तोही कमी दाखवी. या वेळी तोटा माल आणणाऱ्याचा होता. वरून निरोप आला, पुढच्या तपासणीत बघू. मी गप्प बसलो, दोन महिने. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी वाचन करायचो आणि सोमवारी त्या काट्याच्या रजिस्टरवर सही करायचो. घरसभेत अनुवादाचा २५ वा अध्याय आला, तेव्हा थैलीतले दोन दगड डोळ्यांसमोर आले: आमच्याकडे ते दोन काटे होते. दुसऱ्या दिवशी रजिस्टरात खरा आकडा लिहिला. आकाश कोसळलं नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. काटा पंधरा दिवसांनी दुरुस्त झाला आणि मला वर्षभर रात्रपाळी लागली. दोन्हींचा संबंध होता की नाही, ते देवाला ठाऊक.

तुझ्या अहवालाबद्दल बायबल काय म्हणतं ते यात आलं. पण 'काय' कळल्यावर 'कसं' उरतं, आणि बहुतेक उपदेश तिथेच संपतात. दानीएलाचा पहिला अध्याय वाच. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने धरून नेलेला हा यहुदी तरुण. राजाच्या ताटातलं अन्न खायचं नाही हे त्याने मनात ठरवलं, पण दरबारात आरडाओरडा केला नाही. कारभाऱ्याला विनंती केली. तो घाबरला, कारण राजाकडून त्याचंच डोकं जाणार होतं. मग देखरेख करणाऱ्याकडे जाऊन दानीएल म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा. समोरच्याची भीती ओळखून त्याला झेपेल असा प्रस्ताव ठेवला. तूही पहिल्याच दिवशी राजीनामा टेबलावर टाकू नकोस. 'या महिन्यात खरे आकडे पाठवू, आणि ते कमी का आले त्याचं एक पान मी तयार करून देतो' असं म्हणून बघ. तरी नाही म्हणाले तर 'तसं मेलवर लिहून द्या' म्हण. हा दुसरा सल्ला शास्त्रातला नाही, कारखान्यातला आहे, पण बहुधा लागू पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. कुठलंही वचन स्वतःला लावण्याआधी ते पहिल्यांदा कोणाला सांगितलं गेलं ते बघायचं. इतकी वर्षं वर्ग घेऊन माझ्याकडे शिकवण्यासारखं एवढंच आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ तुला पाठ असेल. देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. आपल्यातल्या निम्म्या घरांत हे फ्रेम करून लावलेलं असतं, परीक्षेच्या मोसमात मोबाइलवर रोज येतं. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या हॉलमध्येही होतं. मुलाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता आणि त्या या वचनावर टिकून होत्या. एका शुक्रवारी मी म्हटलं, आज तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचू.

तो अध्याय म्हणजे पत्र आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमचा राजा, अधिकारी आणि कारागीर उचलून नेले. त्या धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने मागून ते लिहिलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा जाहीर करतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. आणि फ्रेममधल्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात: सत्तर वर्षं झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन.

सत्तर. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कोणीच परत जाणार नव्हतं. खोलीत कोणी बोलेना. बाई म्हणाल्या, "मग हे माझ्यासाठी नाहीच का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. सातवं वचन, त्या शहराच्या भल्यासाठी झटा हे, पुन्हा वाचायला लावलं. हळूहळू त्यांनीच बोलायला सुरुवात केली. नगर जिल्ह्यातून ऐरोलीत येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. 'आपण काय, परत जाणार' म्हणून सोसायटीच्या सभेला कधी गेल्या नव्हत्या, शेजारच्या दारावरचं आडनावही नीट माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात त्या टाकीच्या पाण्याच्या वादासाठी सभेला गेल्या आणि मनसोक्त भांडून आल्या. फ्रेम अजून भिंतीवर आहे. त्यांनी फक्त खाली पेनाने सातवं वचन लिहून घेतलंय. व्हिसाचं मला विचारू नकोस, तो नाही झाला.

लक्षात घे, वचन त्यांच्यासाठी नव्हतं असं नाही. पण ते त्यांच्यापर्यंत बाबेलवरून आलं. मधला टप्पा गाळला की आपल्याला हवं तेच देवाच्या तोंडी घातलं जातं, आणि हनन्याही तेच करत होता.

हे मी शहाणपणाने शिकलो असं समजू नकोस. वर्ग घ्यायला लागलो त्या पहिल्या एक-दोन वर्षांत एक बाई अभ्यासानंतर थांबल्या. नवरा पिऊन मारायचा. मी पुस्तक उघडलं, इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय, २२ वं वचन: स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन राहा. सहन करा, प्रार्थना करा, देव त्यांना बदलेल, असं म्हणालो. आवाज मऊ ठेवला होता, हे आज आठवलं की जास्त लाज वाटते. त्या पुन्हा आल्या नाहीत. काही महिन्यांनी कळलं, हात मोडला होता आणि त्या माहेरी गेल्या होत्या.

तेव्हा कुठे मी तो उतारा नीट वाचला. २१ वं वचन सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सर्वांना, म्हणतं, ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन राहा. काही फार जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२ व्या वचनात क्रियापदच नाही, ते २१ मधून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे पहिलं वाक्य तोडून दुसरं वाचताच येत नाही. पण कित्येक छापील प्रतींत नेमकं त्या दोहोंच्या मध्ये नवं शीर्षक टाकलेलं असतं, आणि वाचणारा तिथून सुरू करतो. पुढे २५ पासून पतींना जे सांगितलंय ते पत्नींना सांगितल्यापेक्षा कितीतरी लांब आहे: ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली, स्वतःला तिच्यासाठी दिलं, तशी करा. मार खाणाऱ्या बाईला हे पान वाचून दाखवायचंच नव्हतं, दाखवायचं तर तिच्या नवऱ्याला. तिला आधी सुरक्षित जागा हवी होती आणि सोबत पोलीस चौकीत जाणारं माणूस.

म्हणून सांगतो, शीर्षकं आणि आकडे हे मूळ लेखकांचे नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, नव्या कराराची आजची वचनं १५५१ च्या छपाईत आली. पत्ता शोधायला ते आकडे उत्तम. पण पत्र लिहिणाऱ्याने ते टाकलेले नाहीत, म्हणून वाचताना शीर्षकावर बोट ठेवून झाकायचं. मी अजून झाकतो.

भाषांतर कुठलं घ्यावं, हे तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तोच असतो. देवळात वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं घे, कारण कानाला तीच वाक्यं सवयीची असतात. शेजारी दुसरं एक ठेव. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून पूर्ण छापून निघालं. आज त्याची भाषा काही जागी जुनी वाटते, पण दोन भाषांतरं जिथे वेगळी बोलतात तिथेच थांबून विचार करायचा असतो. कॅथॉलिक घरात वाढला असशील तर फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' हातात येईल. त्यात जुन्या करारात तोबित, मक्काबी वगैरे आणखी पुस्तकं आहेत, एकूण ७३. गोंधळून जाऊ नकोस, त्या यादीवरून भांडायला आयुष्य पडलंय. मोबाइलवरचं ॲप वापरायला हरकत नाही, पण सकाळी आपोआप येणारं एका ओळीचं वचन बंद कर. भूक मेली की जेवण जात नाही.

वहीबद्दल थोडं. शंभर पानी साधी वही. डाव्या पानावर फक्त दिसतं ते: कोण बोलतंय, कोणाशी, काय दोनदा आलंय. मार्कचा पाचवा अध्याय घेऊन बघ. याइराची मुलगी मरणाला टेकलीय आणि तिचं वय बारा वर्षं. वाटेत येशूच्या वस्त्राला शिवणारी बाई बारा वर्षं आजारी. हे 'बारा' डाव्या पानावर आलं की प्रश्न आपोआप उजव्या पानावर येतात: मार्कने एक गोष्ट तोडून मध्ये दुसरी का घातली? घाईत असलेल्या बापाला त्या थांबण्याचं काय वाटलं असेल? ठाणे स्टेशनच्या पुलावर आपल्याला कोणी थांबवलं की आपल्याला जे वाटतं तेच. आणि सगळं संपल्यावर येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. मला तो अध्याय त्या एका वाक्यासाठी आवडतो. उजव्या पानाच्या तळाशी एकच काम लिही, आजच्या आज होईल असं. 'अधिक प्रीती करीन' हे काम नव्हे. 'घरकामाच्या मावशींचा पगार दहा तारखेऐवजी एक तारखेला' हे काम. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. ते वाच, म्हणजे याकोबाने लेवीयाचा तो १९ वा अध्याय किती मुरवलाय ते दिसेल.

हे सगळं मोठ्याने वाच. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओव्यांत रचलं (ते १६१६ मध्ये छापलं गेलं), रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत आणलं, ते आपली माणसं कानाने शिकतात म्हणूनच. रात्रपाळीहून आल्यावर घरातले झोपलेले असतील तर ओठ हलवून वाच.

आईच्या पद्धतीबद्दल तिच्याशी वाद घालू नकोस. तिने चाळीस वर्षं स्तोत्रं म्हटली असतील. ती कुठलंही पान उघडो, तिला आजूबाजूची गल्ली ओळखीची असते. तू तेच करशील तर अनोळखी गावात डोळे मिटून रिक्षातून उतरल्यासारखं होईल. उलट तिला विचार, अमुक स्तोत्र तुला कधी पाठ झालं, कोणत्या दिवसांत. आमच्या वर्गात असे प्रश्न विचारायला लागल्यापासून म्हाताऱ्या बायका बोलू लागल्या, आणि माझं बोलणं निम्म्यावर आलं.

सुरुवात मार्कपासून करशीलच, सोळा अध्याय, सर्वांत लहान शुभवर्तमान. पण त्याही आधी या आठवड्यात फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाच. एकच अध्याय, २५ वचनं, ऐरोलीहून ठाणे येईपर्यंत होतं. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाच्या दासाला तो त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतोय, आता दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घे, असं म्हणून. त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, असंही म्हणतो. तीन वेळा वाच: एकदा पौल होऊन, एकदा फिलेमोन होऊन, एकदा पत्र हातात घेऊन दारात उभा असलेला अनेसिम होऊन. धन्याने पुढे काय केलं ते पत्रात नाही. ते इंटरनेटवर शोधू नकोस. आधी वहीत लिही, तू काय केलं असतंस.